विजयदुर्गचे भूशिर : भूगोल आणि इतिहास

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा नकाशा बारकाईने पाहिल्यास तो एकसंध रेषेसारखा दिसत नाही. डहाणूपासून रेडीपर्यंत ही रेषा सतत आत वळते आणि बाहेर येते. जेथे ती आत वळते तेथे खाडी अथवा वाळूची पुळण असते; जेथे ती बाहेर येते तेथे खडकाळ भूशिर असते. यांपैकी बहुतेक भूशिरांची नावे त्या त्या गावाबाहेर फारशी कोणास ठाऊक नसतात. काही थोड्या भूशिरांवर मात्र भूगोलाने इतिहासाचे ओझे टाकले. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील विजयदुर्ग हे त्यांतील एक प्रमुख होय.

हे भूशिर रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, वाघोटण खाडीच्या मुखाशी, तिच्या दक्षिण तीरावर आहे. खाडीच्या उत्तरेस रत्नागिरी जिल्ह्याचा राजापूर तालुका लागतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात होते. गिर्ये गावाच्या सड्यावरून उत्तरेकडे चिंचोळी होत गेलेली जमिनीची पट्टी जेथे संपते, तेथे तिच्या टोकावर किल्ला उभा आहे. त्याच्या तिन्ही बाजूंस पाणी असून केवळ एका बाजूने तो भूमीशी जोडलेला आहे. या गिर्ये गावाच्या नावावरूनच युरोपीय लोक किल्ल्यास ‘घेरिया’ म्हणत.

खडक, सडा आणि खाडी

कोकणचा पाया काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. त्याच थरांचा विस्तार पश्चिमेस समुद्राखाली गेलेला आहे. परंतु दक्षिण कोकणात प्रवास करणाऱ्यास हा काळा खडक क्वचितच दिसतो. त्याच्या डोळ्यांसमोर असतो तो तांबडा, सच्छिद्र जांभा. उष्ण व अतिवृष्टीच्या हवामानात मूळ खडकातील विद्राव्य द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. लक्षावधी वर्षे चाललेल्या या क्रियेतून जांभा तयार होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्यास ‘लॅटराइट’ असे नाव दिले. हे नाव विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून घेतलेले आहे, आणि ते सार्थ आहे. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की त्याचे चौकोनी चिरे हत्याराने सहज पाडता येतात. उघड्या हवेत राहिल्यावर तो कठीण होतो. कोकणातील घरे, विहिरी, देवळे आणि किल्ल्यांचे तट या चिऱ्यांनीच बांधलेले आहेत.

जांभ्याने आच्छादलेल्या सपाट माथ्यांना स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने वगळता सडा उजाड दिसतो. येथे वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण सच्छिद्र जांभा ते पाणी धरून ठेवीत नाही. ते खाली झिरपते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून वाड्या, नारळी-पोफळीच्या बागा आणि भातखाचरे खाली, तर माथा मोकळा, अशी येथील वस्तीची मांडणी आहे. ज्या कातळावर पूर्वी गवताखेरीज काही उगवत नसे, तो सुरुंग लावून फोडून व त्यात माती भरून देवगड तालुक्यातील शेतकऱ्यांनी हापूस आंब्याच्या बागा उभ्या केल्या.

भूशिर कसे निर्माण होते, हेही येथे समजून घेणे इष्ट ठरेल. समुद्राच्या लाटा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येताच वळतात आणि पुढे आलेल्या भूभागाभोवती एकवटतात. त्यामुळे लाटांचा सर्वाधिक मारा भूशिरावर होतो, तर आत वळलेल्या भागात त्यांचा जोर ओसरून वाळू साचते. भूशिराचा खडक कठीण असेल तर तो कडा बनून टिकतो. पण तो अक्षय नसतो. आता खाडी पाहू. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी तेव्हा आपली पात्रे खोल कोरली. हिम वितळून समुद्र वर चढला तेव्हा या पात्रांच्या खालच्या भागांत भरतीचे पाणी शिरले. वाघोटणची खाडी ही अशा रीतीने बुडालेली नदीची दरीच आहे.

या खाडीचे वैशिष्ट्य असे की, कोकणातील इतर अनेक खाड्यांप्रमाणे तिच्या मुखाशी वाळूचा आडवा दांडा नाही. तेथे पाणी खोल आहे, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा भूशिर आपल्या अंगावर घेते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, जेव्हा कोकणातील बहुतेक बंदरे बंद होतात, तेव्हाही येथे जहाजांना आसरा मिळू शकतो. विजयदुर्गच्या पुढील सर्व इतिहासाचे मूळ या एका नैसर्गिक गोष्टीत आहे.

खारेपाटणचा ताम्रपट

खाडीच्या मुखावरील वस्तीचे महत्त्व तिच्या माथ्यावरील बाजारपेठेवरून ठरते. वाघोटण खाडीच्या वरच्या टोकाशी खारेपाटण हे प्राचीन गाव आहे. तेथून घाट चढून देशावर, कोल्हापूरच्या प्रदेशात जाता येते. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराज याचा शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ मधील ताम्रपट खारेपाटण येथे सापडला. या घराण्याची वंशावळ त्यावरून कळते. देवालयाच्या खर्चासाठी लावून दिलेल्या उत्पन्नांत परदेशातून येणाऱ्या जहाजांकडून घ्यावयाच्या सुवर्णनाण्यांचा त्यात उल्लेख आहे. हजार वर्षांपूर्वी या भागातील किनाऱ्याला दूरदेशीची जहाजे लागत आणि त्यांच्यावरील करातून देवालयाचा खर्च भागविला जात असे, ही गोष्ट या लेखावरून निःसंदिग्धपणे दिसते.

भूशिरावर पहिला किल्ला बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असे परंपरेने मानले जाते. पुढे तो आदिलशाही अमलाखाली आला आणि सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेऊन त्यास ‘विजयदुर्ग’ हे नाव दिले. शके १५७५ या ‘विजय’ नामक संवत्सराशी या नावाचा संबंध जोडला जातो. मूळचा लहान कोट वाढवून त्यास एकामागे एक अशा तीन तटांची जोड देण्यात आली. आज किल्ल्याचे क्षेत्र सुमारे १७ एकर आहे. जमिनीच्या बाजूस पूर्वी खंदक होता. त्यामुळे भूशिराचे टोक जवळजवळ बेट बनले होते.

आंग्र्यांचे आरमार

विजयदुर्गची कीर्ती दूरवर पसरली ती कान्होजी आंग्रे यांच्या काळात. मराठ्यांचे सरखेल म्हणून त्यांनी कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग या तळांच्या साहाय्याने कोकणच्या समुद्रावर हुकमत बसविली. या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास ते धरले जाईल, असा त्यांचा दंडक होता. युरोपीय कंपन्यांनी त्यांना चाचे ठरविले. परंतु पोर्तुगीज स्वतः दोनशे वर्षे हिंदी व्यापाऱ्यांना असाच परवाना घ्यावयास लावीत होते. वादाचा खरा विषय चाचेगिरी नसून समुद्रावर कर बसविण्याचा अधिकार कोणाचा, हा होता.

आंग्र्यांची गुराबे आणि गलबते युरोपीय जहाजांहून लहान असत. पण ती कमी पाण्यात चालत. मोठ्या जहाजाचा पाठलाग करावा, वारा पडला की त्याच्या मागील बाजूने तोफा डागाव्यात, आणि प्रतिकार वाढल्यास उथळ खाडीत निघून जावे, ही त्यांच्या युद्धाची रीत होती. भूशिर आणि खाडी ही जोडी या रीतीस सर्वस्वी अनुकूल होती. टोकावरील किल्ल्यावरून समुद्र दूरपर्यंत दिसे. आत खाडीत आरमार सुरक्षित राही. खाडीच्या काठी खडक खोदून तयार केलेल्या गोदीचे अवशेष आजही आहेत. सुमारे ११० मीटर लांब व ७० मीटर रुंद असलेल्या या गोदीत भरतीच्या वेळी जहाजे घेऊन ओहोटीनंतर त्यांची डागडुजी करता येत असे.

मुंबईकर इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गवर चढाई केली, ती फसली. १७२० मध्ये पाण्यावर तरंगणारा तोफखाना घेऊन ते पुन्हा आले. तोही प्रयत्न निष्फळ ठरला. १७२४ मध्ये डचांच्या आरमाराने हल्ला केला आणि त्यांनाही परत फिरावे लागले. १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे निवर्तले. त्यानंतर मुलांत तंटे होऊन घराण्याची सत्ता विभागली. कुलाबा मानाजीकडे, तर सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजीकडे राहिले. संभाजीनंतर हा दक्षिणेकडील भाग तुळाजीच्या हाती आला.

१७५६ : किल्ल्याचा पाडाव

तुळाजी आंग्रे कर्तबगार होता. परंतु पेशव्यांचा अंमल तो मानीत नसे आणि कोकणातील इतर मराठा सरदारांच्या मुलखास त्याचा उपद्रव होई. नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांचे साहाय्य घेण्याचे ठरविले. १७५५ च्या वसंतात तसा करार झाला आणि एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील मोठी लढाऊ जहाजे मुंबईत होती. त्यांचा नायक ॲडमिरल वॉटसन हा होता आणि भूसैन्याचे नेतृत्व रॉबर्ट क्लाइव्हकडे होते.

१९५६ साली ज्या घटनेस दोनशे वर्षे झाली, ती १२ व १३ फेब्रुवारी १७५६ या दोन दिवसांत घडली. पेशव्यांची फौज जमिनीकडून आली होती आणि तुळाजी तिच्या छावणीत बोलणी करण्यास गेलेला होता. १२ तारखेस दुपारी वॉटसनची जहाजे खाडीच्या मुखात शिरली व त्यांनी किल्ल्यावर तोफा डागण्यास आरंभ केला. एक गोळा आंग्र्यांच्या ताफ्यातील जहाजावर पडून त्याने पेट घेतला. जहाजे एकमेकांस बांधलेली होती. आग पसरत गेली आणि थोड्या वेळात आंग्र्यांचे बहुतेक आरमार जळून गेले. जी खाडी आजवर त्याचे आश्रयस्थान होती, तीच आता बाहेर पडण्यास वाट नसलेला सापळा ठरली.

त्याच रात्री क्लाइव्हने आपले सैनिक उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मध्ये ठेवले. किल्ला मित्रांच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश होता. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. आत सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. कराराप्रमाणे किल्ला पेशव्यांना द्यावयाचा होता. पण तो त्यांना मिळण्यास ऑक्टोबर उजाडला आणि त्याच्या मोबदल्यात बाणकोट इंग्रजांकडे राहिले. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

या घटनेचा अर्थ केवळ कोकणापुरता मर्यादित नाही. विजयदुर्ग घेतल्यानंतर वॉटसन आणि क्लाइव्ह प्रथम मद्रासेस व तेथून बंगालमध्ये गेले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि त्याच वर्षी २३ जून रोजी प्लासीची लढाई झाली. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना चार दशके रोखून धरणारे आरमार मराठ्यांच्या मुख्य सत्तेच्या संमतीने नष्ट झाले, आणि ते नष्ट करणारे लोक अवघ्या सोळा महिन्यांत बंगालचे भाग्यविधाते बनले. तुळाजीच्या वर्तनाने पेशव्यांना तक्रारीस जागा दिली होती, हे खरे. तथापि घरातील भांडण मिटविण्यासाठी बाहेरचा पंच बोलाविल्यास निवाडा त्याच्या सोयीचा होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

धुळपांची सुभेदारी

त्यानंतर पेशव्यांनी विजयदुर्ग हे आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले. आरमाराच्या सुभेदारीवर आलेल्या धुळप घराण्यातील आनंदराव धुळप हे सर्वांत प्रसिद्ध. ८ एप्रिल १७८३ रोजी त्यांच्या आरमाराने मलबारकडे निघालेला इंग्रजांचा लहान ताफा रत्नागिरीनजीकच्या समुद्रात गाठला. ‘रेंजर’ या जहाजावर कित्येक लष्करी अधिकारी होते. निकराची झुंज होऊन जहाजे पाडाव झाली आणि विजयदुर्गास आणली गेली. जखमी झालेला कर्नल हंबरस्टन तेथेच मरण पावला. वस्तुतः सालबाईचा तह आधीच झालेला होता. या विजयाला राजकीय फळ आले नाही. पण १७५६ च्या राखेतून एक आरमार पुन्हा उभे राहिले होते, एवढे त्याने सिद्ध केले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. गावातील धुळपांचा वाडा आणि गिर्ये येथील रामेश्वराचे देऊळ, ज्याकडे उतरणारी वाट खडक फोडून केलेली आहे, ही त्या काळाची स्मारके होत.

दोन ग्रहणे आणि एक गैरसमज

विजयदुर्गच्या किल्ल्यात काही चौथरे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने येथूनच हेलियम वायूचा शोध लावला, अशी समजूत रूढ आहे आणि त्या तारखेस येथे हेलियम दिनही साजरा होतो. या समजुतीत दोन वेगळी ग्रहणे एकत्र झालेली आहेत.

१८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा भारताच्या दक्षिण भागातून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने ते गुंटूर येथून पाहिले. इतर निरीक्षक जमखिंडी, विजापूर आणि मछलीपट्टण येथे होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे जान्सेनने दुसऱ्याच दिवशी दाखविले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने तेथूनच, ग्रहणाविना, २० ऑक्टोबर रोजी स्वतंत्रपणे तेच साध्य केले. त्यांतील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून ती नव्या द्रव्याची असावी असा तर्क करून त्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हे नाव देण्यात आले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅमझे यास १८९५ मध्ये एका खनिजात सापडला.

लॉकियर विजयदुर्गास खरोखरच आला होता. पण तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेने त्याची उपकरणे आणली आणि नौकेवरील खलाशांनाच निरीक्षणाचे शिक्षण देऊन कामास लावण्यात आले. याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथे आपला तळ ठोकला होता. ओट्यांचा संबंध १८९८ च्या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक होय. यात विजयदुर्गचा मान कमी होत नाही. ज्या द्रव्याचे अस्तित्व प्रथम सूर्यात जाणवले, त्याचा कयास मांडणारा शास्त्रज्ञ तो पृथ्वीवर सिद्ध झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत या एकाकी टोकावर पुन्हा सूर्य पाहण्यास आला, ही हकिकत खरी असूनही कमी रोचक नाही.

समुद्रातील भिंतीविषयीही असाच विवेक पाळणे आवश्यक आहे. किल्ल्याजवळ पाण्याखाली जांभ्याच्या दगडांची सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत असल्याचे सागरी संशोधकांनी नमूद केले आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून बुडत, ही कथा मात्र १७५६ च्या वृत्तान्तास मिळत नाही. कारण त्या वर्षी वॉटसनची मोठी जहाजे खाडीच्या मुखात शिरली आणि शाबूत परत गेली.

एकाकीपणा आणि आज

वाफेची जहाजे सुरू झाल्यावर विजयदुर्ग हे मुंबई-गोवा मार्गावरील एक थांबा बनले. मुंबईच्या गिरणीत नोकरीस असलेला चाकरमानी बोटीने येई आणि होडीतून किनाऱ्यास लागे. जमिनीवरून येणे त्या मानाने कष्टाचे होते, कारण प्रत्येक खाडी हा रस्त्यातील अडथळाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोटींचा प्रवास बंद पडला; मोटारीचे रस्ते झाले, आणि १९९८ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली. परंतु महामार्ग आणि रेल्वे दोन्ही किनाऱ्यापासून बरेच आतून जातात. समुद्र हाच हमरस्ता होता तोवर भूशिर मध्यवर्ती होते. हमरस्ता जमिनीवर आल्यावर ते दूरचे टोक बनले. विजयदुर्गचा एकाकीपणा हा निसर्गाने दिलेला नसून दळणवळण बदलल्याने आलेला आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत विजयदुर्ग आहे. हा सन्मान मोठा; पण लाटांचा मारा त्यामुळे थांबत नाही. जांभा सच्छिद्र असल्याने खारे पाणी त्यात शिरते. ते सुकताना मिठाचे स्फटिक बनतात व दगड आतून भुगा होऊ लागतो. चिऱ्यांमधील चुना पावसाने धुपतो. त्या फटींत वड-पिंपळाची मुळे शिरतात. पायाखालचा खडक लाटा पोखरतात. २०२० च्या पावसाळ्यात तटबंदीचा काही भाग ढासळला. तोफांना दाद न देणारा तट पाण्यापुढे असा हळूहळू हार खातो. त्याची डागडुजी एकदा करून संपण्यासारखी नाही. दर पावसाळ्यापूर्वी व नंतर तटाची पाहणी, पायथ्याचे संरक्षण आणि चुन्याच्या पारंपरिक दर्जाचे काम या गोष्टी अखंड चालाव्या लागतील.

सागरकिनाऱ्यावरील तट हा बांधून पूर्ण झाला असे कधीच होत नाही. ज्यांनी तो बांधला त्यांना हे माहीत होते. म्हणूनच किल्ल्यावर तोफांइतकीच गवंड्यांची गरज असे. भूशिराने जहाजांना आसरा दिला तो लाटा स्वतःवर झेलून. आता त्या भूशिरावरील वास्तू सांभाळण्याची जबाबदारी माणसांवर आहे.